एकाच वायरलेसवर

हेमलॉक बे, १४ सप्टेंबर

प्रिय वेन,

हे पाकीट न फोडता परत पाठवू नकोस. नाताळचं कार्ड तू तसंच परत पाठवलं होतंस आणि पोस्टातल्या बाईने ते माझ्या हातात देताना खिडकीबाहेर बघितलं. आज तक्रार करायला लिहीत नाहीये. बातमी आहे, आणि ती कळेल असा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. तो नेमका अलास्कात होड्यांची इंजिनं दुरुस्त करत बसलाय.

कॉलेजने मला सुरक्षाप्रमुख केलंय. हो, मलाच. इतकी वर्षं चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांना पावत्या चिकटवत आले, वसतिगृहात कुणी पाव करपवून धुराची घंटा वाजवली की धावत गेले, तीच मी. उन्हाळ्यात अध्यक्षबाईंनी बोलावून विचारलं, उद्या कुणी बंदूक घेऊन आवारात शिरलं तर आपण काय करायचं? मी म्हटलं, दारं लावायची, मुलांना फोनवर कळवायचं आणि पोलिसांची वाट बघायची. त्या म्हणाल्या, पोलीस आल्यावर? त्यावर मला उत्तर सुचेना. त्यांनी त्याच दिवशी मला नेमलं आणि म्हणाल्या, आता शोधा उत्तर.

म्हणून मी चीफ मॅकींकडे गेले. तेच मॅकी, ज्यांनी तुला शाळेत असताना गोठलेल्या खाडीवर गाडी घसरवताना पकडून कान धरून घरी आणलं होतं. आता ते गावच्या पोलिसांचे प्रमुख आहेत. पोट सुटलंय, मिशी मात्र तीच. मी म्हटलं, आपण मिळून एक सराव करू, खराखुरा. तुमचे पोलीस, आमची मुलं, आमच्या इमारती. आणि संकटात आमच्या माणसांना तुमच्या वायरलेसवर बोलता आलं पाहिजे.

ते हसले नाहीत, पण हसल्यासारखंच झालं. म्हणाले, "कार्ला, पावत्या चिकटवणाऱ्यांनी माझ्या वायरलेसवर बोलायचं नसतं."

मला राग यायला हवा होता. उलट अंगात वारं शिरलं. मी विचारलं, ग्रंथालयाचं उत्तरेचं दार कुठे आहे, सांगता? ते म्हणाले, उत्तरेला. मी म्हटलं, नाही. पाटीवर उत्तर लिहिलंय, पण नवी इमारत जोडल्यापासून ते दार पिछाडीला कोळशाच्या जुन्या शेडकडे उघडतं, आणि तुमची गाडी तिथे पोचतच नाही. चीफ बराच वेळ मिशी चावत बसले. मी सोबत पेस्टी नेल्या होत्या, आपल्या आईच्या पद्धतीच्या, मांसाचं सारण, भरपूर कांदा आणि सलगम भरून भाजलेल्या. दुसरी पेस्टी संपेपर्यंत सराव ऑक्टोबरात ठरला.

त्यांच्याकडे नवीन भरती झालीय. त्यातला एक मुलगा मला बरा वाटला. बाकी सगळं ठीक. वरची खोली रंगवून घेतली.

कार्ला


९ ऑक्टोबर

प्रिय वेन,

पाकीट परत आलं नाही, म्हणजे तू वाचलंस असं धरून चालते.

सराव झाला आणि त्याचा पुरता बोऱ्या वाजला. इतका की घरी येऊन मी एकटीच हसत बसले. सांगते.

आदल्या आठवड्यात बैठक घेतली होती, मुलं एका बाजूला आणि पोलीस दुसऱ्या बाजूला, मधे डोनट. चीफनी पडद्यावर नकाशा दाखवत भाषण केलं. मग डेट्रॉइटहून आलेला एक मुलगा उठला. इसाया ब्रुक्स, जमीन मोजणीचं शिकतो, दाराच्या चौकटीएवढा उंच. आवाज न चढवता त्याने विचारलं, "पळापळीत मी समोर आलो, तर तुमचे लोक मला वाचवायला आलेत की मारायला, हे मला कसं कळायचं?"

चीफच्या मानेवर लाली चढली. तेवढ्यात तो नवा पोलीस, ज्याच्याबद्दल मी तुला लिहिलं होतं, खुर्चीतून न उठता म्हणाला, "आणि तू कोण आहेस हे मला कसं कळायचं? मला नाही माहीत. म्हणून तर आलोय."

इसाया त्याच्याकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि सरावात जखमी होणाऱ्यांत माझं नाव घाला म्हणाला.

सरावाच्या दिवशी गारांचा पाऊस. मुलांनी रक्त म्हणून अंगावर लाल पाक ओतून घेतला होता, निम्मी आधीच हसत होती. भोंगा वाजला, दारं लागली, फोन खणखणले, इथवर छान. मग पोलीस आले ते बरोबर त्या खोट्या उत्तरेच्या दाराशी, माझा नकाशा खिशात असून. कुलूप. मी आमच्या वायरलेसवर ओरडतेय की पश्चिमेला या, पण त्यांचं यंत्र वेगळ्या लहरीवर. चीफ त्यांच्या यंत्रावर ओरडतायत की दार उघडा, ते मला ऐकू येत नाही. शेवटी मी पळत गेले, मधे घसरून पडले, आणि काचेतून हातवारे करून सांगितलं. खरंच कुणी बंदूकवाला आत असता तर तेवढ्या वेळात त्याने जेवण उरकून घेतलं असतं.

आत शिरल्यावर त्या नव्या पोलिसाने इसायाला जिन्यावरून खांद्यावर घालून खाली आणलं. इसाया उलटा लटकलेला, आणि तक्रार करतोय की याच्या खांद्याचं हाड माझ्या पोटात रुततंय. पोलीस म्हणत होता, मेलेल्यांनी बोलायचं नसतं.

नंतर चीफ माझ्या गाडीत येऊन बसले. टोपीतून पाणी गळत होतं. म्हणाले, वायरलेसचं बघतो.

वेन, आता पुढचं वाच, आणि वाचल्याशिवाय चुरगाळू नकोस. तो नवा पोलीस आपला जोएल आहे.

वसंतात आला, तुझा मुलगा. लॅन्सिंगला आईकडे राहून अकादमी पुरी केली आणि पहिली नोकरी इथे मागून घेतली. वरच्या खोलीत राहतो, रंग त्याच्यासाठीच दिला. मागच्या पत्रात लिहिणार होते, पण लिहिलं असतं तर तू तिथेच वाचायचं थांबला असतास. तुझ्यासारखा मान खाली घालून जेवतो.

कार्ला


२७ ऑक्टोबर

प्रिय वेन,

तुझं कार्ड मिळालं. पुढे देवमासा, मागे दोन ओळी. "त्याला सोडायला सांग. तू मला फसवलंस."

फसवलं नाही, अर्धं सांगितलं. आणि मी त्याला काही सांगणार नाही. तू सांगून झालंय ना? अकादमीत जातो म्हणाला त्या दिवसापासून तू त्याला वाढदिवसाचा फोनही केला नाहीस. मी तुला त्यावरून चार शब्द सुनावले तर माझी कार्डं परत यायला लागली. त्याचा काय परिणाम झाला? तो गणवेश घालून माझ्या टेबलावर अंडी खातो.

त्या दुकानाबद्दल आपण कधी बोललो नाही. त्या विषयावर सगळं घरच मुकं झालं. आज मी बोलते, तुला बघायचं असेल तर खिडकीबाहेर बघ. तू पोलिसात होतास, तुला वायरलेसवर सांगितलं गेलं की दुकानाच्या मागच्या खोलीत बंदूकवाला आहे. तू शिरलास. अंधारात एक मुलगा वळला, आणि तू गोळी झाडलीस. त्याच्या हातात भोकं पाडायचं यंत्र होतं, फळ्या लावत होता. त्याच्या मालकाला ते माहीत होतं. समोर रस्त्यावर उभा राहून तो सांगत होता की आत माझ्याकडे कामाला असलेला पोरगा आहे. पण ते तुझ्या कानापर्यंत पोचवायला मधे कुणी नव्हतं. चौकशीने तुला सोडलं. तू स्वतःला सोडलं नाहीस, आणि त्या मुलाच्या आईने का सोडावं? त्यात मी काही पुसायला आले नाही.

पण मला हे काम का हवं होतं, विचार. मधे कुणी नव्हतं म्हणून. मधे कुणीतरी असावं म्हणून.

आता आनंदाचं ऐक. चीफनी आणि अध्यक्षबाईंनी करारावर सह्या केल्या. आमचे कॅमेरे ठाण्यात दिसणार. संकटात चीफ स्वतः आमच्या कॅमेऱ्यांच्या खोलीत माझ्या शेजारी बसणार. आणि नवीन यंत्रं आली. पहिल्यांदा बटण दाबून मी म्हटलं, कॉलेजवरून कार्ला बोलतेय, ऐकू येतंय का? गावाच्या त्या टोकाला गाडीत बसलेल्या जोएलचा आवाज आला, येतंय, आत्या, आणि रात्री पेस्टी कर. चीफनी दोघांना झापलं की हे वायरलेस आहे, स्वयंपाकघर नाही. मी खोलीत एकटीच नाचले. माझ्या वयाला न शोभणारा नाच होता.

कार्ला


१४ नोव्हेंबर

वेन,

कोणी मेलं नाही. हे आधी लिहिते, कारण टीव्हीवर तू भलतंसलतं ऐकलं असशील. जोएल धड आहे. आता बस आणि वाच.

काल दुपारी. हरणांचा हंगाम उघडायला आलाय, अर्ध्या गावाच्या गाड्यांत रायफली आहेत, नारिंगी जाकिटं सगळीकडे. मी नुकताच डबा उघडला होता. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन आला. माणसाचा आवाज, हेमलॉक बे कॉलेजच्या ग्रंथालयात लांब बंदूक घेऊन एक जण फिरतोय, आणि मागे गोळ्यांचे आवाज. 

मी डबा बाजूला सारला. भोंगा. दारं. मुलांच्या फोनवर निरोप. ऑक्टोबरात सरावाने हाताला बसलं होतं, ते काल आपोआप होत गेलं. चीफ टोपी न घालताच धावत आले आणि शेजारी बसले. गाड्या पश्चिमेच्या दाराला आल्या, वेन. पश्चिमेच्या. कुलूप मी इथूनच उघडलं. जोएल सगळ्यात पुढे होता, मागे दोघं. त्याला मी चालण्यावरून ओळखलं.

पडद्यांवर ग्रंथालय रिकामं दिसत होतं. मुलं टेबलांखाली, कपाटांमागे. कॅमेऱ्यांना आवाज नसतो. ते फार वाईट असतं.

मग तिसऱ्या मजल्यावरचं अभ्यासिकेचं दार उघडलं आणि एक उंच माणूस बाहेर आला. डोक्यावर जाकिटाची टोपी ओढलेली, खांद्यावर काळ्या पिशवीत काहीतरी लांब, पिशवीतून टोक बाहेर आलेलं. तो सावकाश जिन्याकडे निघाला. दुसऱ्या पडद्यावर जोएल तोच जिना चढत होता, रायफल खांद्याला लावून. दोघांच्या मधे एक वळण आणि एक भिंत.

चीफ खुर्चीतून अर्धे उठले. "तोच आहे," म्हणाले.

मी पडद्याला नाक लावलं. टोकाला पिवळा पट्टा होता. तसा पट्टा जमीन मोजायचं यंत्र ठेवतात त्या तिपाईच्या पायांना असतो, आमच्या मुलांना ती आवारभर मिरवताना मी रोज बघते. आणि ती उंची, आणि टोपीतून डोकावणारे हेडफोन. भोंगा, निरोप, काहीच त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

मी म्हटलं, चीफ, तो इसाया आहे.

बोलायचं यंत्र त्यांच्या हाताखाली होतं. नियमाने तेच बोलणार होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारतील, खात्री आहे? खात्री कसली असणार, धुरकट पडद्यावर? त्यांनी विचारलं नाही. यंत्र माझ्यापुढे सरकवलं.

मी म्हटलं, "जोएल, कार्ला. वरून येतोय तो इसाया. खांद्यावर तिपाई आहे. बंदूक नाही. तिपाई आहे."

उत्तर आलं नाही. ते दोघं वळणावर समोरासमोर आले.

मी बघितलं ते सांगते. इसाया दचकला, दोन्ही हात वर गेले आणि तिपाई खांद्यावरून सुटली. पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली, दगडी जिन्यावर, धातूची. इथे काही ऐकू येत नव्हतं, पण तिथे बॉम्ब फुटल्यासारखं वाटलं असणार. जोएलचा खांदा दचकून वर गेला. माझे डोळे मिटले असावेत, कारण पुढचं दृश्य मला अर्ध्यापासूनच आठवतं. रायफलीचं तोंड जमिनीकडे होतं. जोएल इसायाला भिंतीशी बसवत होता. मागचे दोघं बंदुका रोखून वर धावत येत होते आणि जोएल इसायाच्या पुढे उभा होता, पाठ त्याच्याकडे, एक हात पसरून.

चीफनी माझ्या डब्यातली अर्धी पेस्टी उचलून खाल्ली. त्यांना ते कळलंही नसावं.

नंतर संध्याकाळपर्यंत त्यांनी खोलीन् खोली तपासली. काही नव्हतं. फोन खोटा होता. त्याच आवाजाने त्याच दुपारी आणखी दोन कॉलेजांना फोन केले होते. इतिहासाच्या एका सरांनी खिडकीतून उडी मारून घोटा मुरगाळून घेतला, बाकी सगळी मुलं आपापल्या पायांनी बाहेर आली. बाहेर आल्यावर एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. मी पण. मला आनंदाने ओरडायचं होतं, इतकं आजवर कशासाठी वाटलं नव्हतं. वायरलेस चाललं, वेन. मधे कुणीतरी होतं.

पण जेवायच्या वेळी जोएल ताटाकडे बघत बसला. मी म्हटलं, सगळं गाव तुझं नाव घेतंय. तो म्हणाला, "घेऊ दे. तुझा आवाज आला नसता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही, आत्या. तिपाई पडली तेव्हा बोट चापावर होतं. हे मी कुणाला सांगू? चीफना? त्या मुलाला?"

मी त्याचं ताट पुढे सरकवलं. मग तो म्हणाला, एका माणसाला कळेल.

तुझा नंबर मी त्याला दिलाय. तो नेहमीचा बुजरा, लगेच करणार नाही. पण करेल. वेन, त्याने फोन केला की उचल. शहाणपण शिकवू नकोस, सोड म्हणू नकोस. फक्त उचल.

कार्ला


२६ नोव्हेंबर

प्रिय वेन,

तू त्याच्या फोनची वाट बघितली नाहीस. तूच केलास. धन्यवाद म्हणणार नाही, तुला ते आवडत नाही. पण फोनच्या या बाजूला काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

आधी इसायाचं. तो आठवडाभर घरी जाऊन आला. परत येईल की नाही, शंका होती. आला, आणि पहिल्याच बैठकीत उभा राहिला. चीफ त्याच्याकडे हात पुढे करून निघाले होते. तो म्हणाला, "तुम्ही मला वाचवलं असं म्हणू नका. मी अभ्यास करून घरी चाललो होतो." चीफचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि म्हणाले, बरोबर आहे. तेवढंच, पण मॅकींच्या तोंडून. मग इसायाने सांगितलं की अभ्यासिकेत निम्मी मुलं कानाला हेडफोन लावून बसतात, त्यांच्यासाठी लुकलुकणारे दिवे लावा, आणि पुढच्या सरावाला जिन्यावरचा माणूस मीच होणार, पण त्या वेळी पोलिसांनी काय करायचं ते मी सांगणार. दोन्ही मान्य झालं. मी अशी खूश आहे की माझ्याशी बोलायला लोक घाबरतात. दिवे पुढच्या आठवड्यात लागतायत. मधल्या सुट्टीत जोएल आणि इसाया गाडीच्या टपावर बसून डोनट खात होते, एकमेकांशी न बोलता. मी लांबूनच गेले.

आता रविवारचं. जोएल सलगम सोलत होता. फोन वाजला, मी उचलला, तुझा आवाज ऐकला. मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने हात पँटला पुसले. मग बाहेरच्या ओट्यावर गेला, कोट न घालता, आणि बर्फ पडत होतं.

मी खिडकीतून बघत होते. बघणारच. तो बराच वेळ काहीच बोलला नाही. मग बोलला, मग पुन्हा गप्प. एकदा त्याने भिंतीला पाठ टेकली आणि खाली बसला, बर्फातच. एकदा डोळे पुसले, एकदा हसला. मी कोट घेऊन दारापर्यंत गेले आणि परत आले. पेस्टीची एक अख्खी थाळी करपली. तुमच्यामुळे.

आत आला तेव्हा कान लालबुंद होते. काय बोललात ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलंही नाही. खाली बसला, करपलेलं सगळं खाल्लं, पुन्हा वाढून घेतलं. मग म्हणाला, "बाबा एक वाक्य बोलल्यावर इतका वेळ थांबतात? मला दोनदा वाटलं, लाइन तुटली."

मी म्हटलं, तो लहानपणापासून तसाच आहे.

"बरं झालं," तो म्हणाला, "मी ठेवला नाही."

कार्ला